सिंहासनावरची कबरी मांजर

एका राज्यात, नव्या सुनेने ऐकू नये ते दाराआडून ऐकलं. राणी गुणावती दासीला सांगत होती, "सून गुणाची आहे गं, पण घुमी. तिच्यापेक्षा मांजर बरं, निदान म्याव तरी करतं."

सून सावरी दाराआड थबकली. तिला हसू आलं. रडूही आलं असतं, पण त्या महिन्यात रडण्याचं कारण वेगळंच होतं.

त्या राज्याच्या सिंहासनावर राजा नव्हता, कबरी मांजर होती. बारा वर्षांपूर्वी राजाने तिला शेपटीला धरून भिरकावलं, आणि ती निघाली जादूगाराची. जादूगाराने शाप दिला: "आता ही इथंच बसेल. जो हिला बळाने उठवील त्याचा हात दगड होईल, आणि दगड रोज बोटभर काळजाकडे चढेल. ही आपखुशीने उतरेल तेव्हाच शाप उतरेल." राजा हट्टी. त्याने तिला तिथल्या तिथे पुन्हा उचललं. दगड चढत चढत काळजाला पोचला, आणि तेव्हापासून तो दरबाराच्या कोपऱ्यात दगड होऊन उभा होता, आणि प्रधानजी येताजाता त्याच्या हातावर आपलं पागोटं अडकवीत.

नववधूला सिंहासनावर बसवायची कुळाची रीत. म्हणून लग्नादिवशी राजपुत्र धवलसेनाने मांजरीला हात घातला. हात दगड झाला. आता दगड कोपराच्या वर आला होता. काळजाला वीस बोटं उरली होती.

प्रधानजींनी नगारे वाजवले, हुकूम सोडले, मासळी दाखवून मागे ओढली. मांजर छत्रावर चढून पंजा चाटत बसली.

खांबावर एक साळुंकी होती. ती माणसासारखी बोले. ती म्हणाली, "सूनबाई, तीन गोष्टी घडाव्या लागतील. तुझ्यादेखत तिने खावं. तुझ्यादेखत डोळे मिटावेत. तुझ्या हाकेला खाली यावं."

"हाक कशी मारू? मी पडले घुमी."

"ते मला काय ठाऊक? मी दिवसभर बडबडते. माझ्याकडे ती आलीच तर जेवायला येईल."

सावरीने रोज ठरल्या प्रहरी दहा हात दूर मासळीची वाटी ठेवली, हातातलं काकण वाटीवर दोनदा वाजवलं, आणि निघून गेली. मागे वळून पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी वाटी रिकामी दिसली. मग ती पाठ करून तिथंच बसू लागली. सहाव्या दिवशी मांजर तिच्या शेजारी जेवली आणि पुन्हा सिंहासनावर जाऊन बसली. आपखुशीने उतरणं वेगळं आणि भुकेने उतरणं वेगळं. शापाला हे नेमकं कळत होतं.

मग सावरी समोर बसली. रोखून पाहिलं नाही. आपणच आधी डोळे सावकाश मिटले. दरबारी कुजबुजले, सूनबाईंना पेंग येते. मांजर डोळे मिटून दूध पिते ते जगाला दिसू नये म्हणून, असं लोक म्हणत. सावरीला वाटलं, भीती सरली की ती डोळे मिटते, एवढंच. पंधराव्या दिवशी मांजरीने तिच्याकडे पाहून डोळे मिटले.

काळजाला पाच बोटं उरली. धवलसेनाला श्वास पुरेना. प्रधानजींनी दोरखंड आणवले. सावरीने ते परत पाठवले आणि ठरल्या प्रहराची वाट पाहिली.

मग पोटभर जेवलेल्या मांजरीपासून दूर, दरबाराच्या उंबऱ्याशी ती बसली. हातात काही नव्हतं. काकण तिने उंबऱ्यावर दोनदा वाजवलं.

मांजरीचा एक कान वळला. तिने आळस दिला. एक पायरी उतरली, दुसरी उतरली. तिसऱ्या पायरीवर बसून तिने मान खाजवली, आणि सारा दरबार श्वास रोखून ते खाजवणं पाहत राहिला. मग ती चालत आली आणि सावरीच्या मांडीत वेटोळं करून झोपली.

धवलसेनाचा हात ऊन झाला. कोपऱ्यात राजा हलला आणि म्हणाला, "हे पागोटं कुणाचं?" प्रधानजींनी टक्कल झाकलं.

सिंहासनावरचे केस झटकले. राजा बसला, शेजारी नववधूला बसवलं, मांजर मांडीतच राहिली. राजाने तिच्या शेपटीकडे पाहून आपले हात मागे घेतले.

राणीने विचारलं, "सूनबाई, कोणता मंत्र घातलास?"

भरल्या दरबारात सावरी प्रथमच बोलली. "मंत्र तुमचाच, सासूबाई. मी आले तेव्हा दार लावून बसले होते. तुम्ही रोज ताट दाराशी ठेवलंत, चौकटीवर काकण दोनदा वाजवलंत, आणि 'बाहेर ये' असं एकदाही म्हणाला नाहीत. सातव्या दिवशी माझी मीच बाहेर आले. ते उपकार बोलायचे राहिले होते."

मग म्हणाली, "म्याव."