सात पेठांचे एकमत

फार पूर्वी, नद्यांना नावे मिळाली होती पण नगरांना अजून मिळायची होती, त्या काळी एका नदीच्या वळणावर सात पेठांचे नगर वसले होते. नगराचा सारा आराखडा एका मोठ्या कापडावर रेखलेला असे. त्याला नगरपट म्हणत. दर तपाला, म्हणजे बारा वर्षांनी, तो दरबारात उलगडला जाई आणि नवी घरे कुठे बांधायची हे ठरे.

ठरवण्याची रीत जुनी होती. प्रत्येक पेठेच्या महाजनाला ओंजळभर जोंधळे मिळत. घरे जिथे व्हावीत असे त्याला वाटे, नगरपटावर तिथे त्याने दाणे ठेवायचे. मात्र स्वतःच्या पेठेवर ठेवायचे नाहीत. हा नियम कधीकाळी शहाणपणाचा होता. तेव्हा माणसे थोडी होती. नवे घर म्हणजे नवा कारागीर आणि पेठेची नवी बरकत, म्हणून जो तो घरे आपल्याकडे ओढी. ती ओढाताण थांबावी यासाठी नियम झाला. पुढे काळ पालटला, पेठा दाटल्या आणि नवी घरे जो तो टाळू लागला. नियम मात्र होता तिथेच राहिला.

त्या वर्षी ओंजळी रिकाम्या झाल्या आणि दरबार थक्क झाला. सातही महाजनांचे दाणे एकाच जागी पडले होते. ती जागा म्हणजे तटाबाहेरचे, नदीकाठचे खोलगट मैदान.

“एकमत!” राजा हर्षून म्हणाला. “माझ्या आजोबांच्या काळातही असं घडलं नव्हतं.”

नगराची स्थपती, म्हणजे नगररचनेची प्रमुख, एक स्त्री होती. माणसे भांडली की ती का भांडली हे तिला समजे. सगळी एकदम सहमत झाली की मात्र तिचे कुतूहल जागे होई. तिने राजाकडे थोडी मुदत मागितली.

“कशासाठी?”

“इतकी उत्तम जागा आजवर रिकामी कशी राहिली, एवढंच पाहायचंय, महाराज.”

घरे हवी होती कोष्ट्यांना. म्हणून ती आधी त्यांच्या आळीत गेली. एका म्हाताऱ्या कोष्टिणीच्या खोलीत माग अर्ध्या जागेत होता, आणि मागाच्या खड्ड्यात, विणणाऱ्याच्या पायांशी, एक मूल झोपले होते. घरातली निम्मी माणसे विणत तेव्हा उरलेली निजत.

“लेकाची सोयरीक जुळलीय,” कोष्टीण म्हणाली. “पण व्याही म्हणतो, पोरीला निजवणार कुठं? मागावर आडवी घालून विणणार का? घर दाखवा, नाहीतर पोरगी दुसरीकडं देतो.”

“नदीकाठी घर मिळालं तर?”

“बाई, देणाऱ्यानं दिलं तर घ्यायचंच. पण देणारा तिथं राहायला येतोय का, तेवढं विचारा.”

स्थपती मैदानावर गेली. गवत दाट होते, माती काळीभोर होती, वाराही सुखाचा होता. दोष कुठेच दिसेना. तेवढ्यात गवतातून एक कासव बाहेर आले.

“तू इथला रहिवासी?” तिने विचारले.

“चार महिने तळाशी असतो, आठ महिने वर,” कासव म्हणाले. “घरं बांधताय म्हणे? बांधा की. माझं काही म्हणणं नाही. माझं घर माझ्या पाठीवर आहे.”

“पाणी कुठवर चढतं?”

“मान वर करा.”

तिने मान वर केली. बाभळीच्या फांद्यांत, तिच्या डोक्याच्याही बऱ्याच वर, वाळलेले शेवाळ आणि वाहून आलेल्या काटक्या अडकल्या होत्या.

“हे तू दरबारात का सांगितलं नाहीस?”

“मला बोलावतंय कोण? या मैदानाला महाजन नाही.”

तेव्हा तिला एकमताचे कारण उमगले. इतर कोणत्याही पेठेवर दाणे ठेवावेत, तर त्या पेठेचा महाजन डोळे वटारून समोर बसलेला. नाही म्हणायला कोणी नव्हते, ते फक्त इथे.

ती दरबारात परतली. पुराची खूण तिने सांगितली, आणि नियम उलटा करावा असे सुचवले: पहिली मूठ प्रत्येकाने आपल्याच पेठेवर ठेवावी.

गलका झाला.

“आमच्याकडे वारा अडेल!”

“आमच्या विहिरीला पाणी कमी आहे!”

“आणि त्या मागांची खटखट? देवाला तरी झोप लागेल का?”

सर्वांत मोठा आवाज होता स्थपतीच्या सासऱ्यांचा, कारण एका पेठेचे महाजन तेच होते. “सूनबाई,” ते म्हणाले, “शहाणपण दरबारात ठीक आहे. नांदायचं घरात असतं.”

राजाने ओंजळी पुन्हा भरायला लावल्या आणि तिच्याकडे पाहिले. “तुमच्या पेठेत जागा आहे का?”

स्थपती उठून पुढे आली. मग तिने सासऱ्यांच्या ओंजळीतले जोंधळे मागून घेतले आणि त्यांच्याच दारासमोरच्या पटांगणावर ठेवले.

“अगं, मग माझी पालखी वळायची कुठे?”

“चौकात उतरावं, मामंजी. पुढं चार पावलं आहेत.”

राजा हसला, दरबार हसला, आणि हसू ओसरल्यावर बाकीच्या महाजनांना तोंड लपवायला जागा उरली नाही. कोणी तबेल्यामागची जागा दिली, कोणी पडीक बाग. एकाने इतके कमी दाणे ठेवले की राजाला ते कुठे आहेत असे दोनदा विचारावे लागले.

श्रावणात नदी चढली. मैदान दिसेनासे झाले. बाभळींचे शेंडे तेवढे वर राहिले. तटावरून ते पाहताना राजाने विचारले, “ही जागा प्रथम सुचवली कोणी?” कोणालाच आठवेना.

कोष्टिणीची सून त्याआधीच पटांगणावरच्या नव्या घराचे माप ओलांडून आत आली होती. त्या घरात माग एका खोलीत होता आणि माणसे दुसऱ्या. मामंजी चौकापासून चालत येत, मागांच्या खटखटीला नावे ठेवत, आणि स्थपतीशी दिवाळीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. तिने ते मुकाट्याने सोसले. नियम मात्र पुन्हा उलटू दिला नाही.

तात्पर्य: नगरात सर्वांना जागा हवी असे जो म्हणतो, त्याने ती दाखवताना बोट आधी आपल्या अंगणाकडे वळवावे.