चिकटवलेली घोडी

“गिटारीत खोट होती, तर मला दिलीत कशाला, मास्तर?”

ग्लेन लोपीस ओटीवर चढला तो हाच प्रश्न घेऊन. ना नमस्कार, ना चमत्कार.

इनास तुस्कानो मास्तर आरामखुर्चीत वाल सोलत बसले होते. ते सोलतच राहिले.

मी समोरच्या बाकावर होतो. मी, पास्कू, मास्तरांचा जुना शिष्य. सहा वर्षं शिकलो, मग गिटार सोडली आणि गिरीजच्या वाडीत केळी लावली. केळी निदान तोंडावर बेसूर म्हणत नाहीत.

“काय खोट आहे?” मास्तरांनी विचारलं.

“वरचा प्रत्येक सूर चढा लागतो! काल साखरपुड्यात सगळ्यांसमोर शोभा झाली. बँडमास्तर म्हणाला, रविवारच्या लग्नात असंच वाजलं तर बँडमधली खुर्ची दुसऱ्याची. चार वर्षं मी त्या खुर्चीसाठी घासलीत, मास्तर. चार वर्षं!”

आणि गिटारीची पेटी त्याने बाकावर आपटली.

मास्तरांचा हात शेंगेवर थांबला...

पेटीत मास्तरांची आर्चटॉप होती. साध्या गिटारीचं तोंड सपाट असतं. हिची पुढची फळी कोरून कोरून फुगीर केलेली, व्हायोलिनसारखी, आणि मधल्या गोल भोकाऐवजी दोन बाजूंना दोन लांब वळणदार चिरा. एक्केचाळीस वर्षं मास्तरांनी तिच्यावर ठेका धरला. मग बोटं वाकडी व्हायला लागली, आणि गेल्या महिन्यात त्यांनी ती ग्लेनला दिली. मला नाही दिली. असो.

वाजवणारे या गिटारीवर का भाळतात, हे ग्लेनला कुणीही विचारावं. त्याच्या मोबाईलमध्ये आवडत्या सतरा आर्चटॉपचे फोटो आहेत. ही मधाच्या रंगाची, ती काळी, हिच्या खांद्याला खाच, तिची मागची पट्टी पितळेची. तासभर सांगेल. मास्तर मात्र एवढंच सांगायचे, “ठक् म्हणते आणि गप्प बसते. गाणाऱ्याला जागा ठेवते.” मला सहा वर्षांत त्याहून जास्त कधी सांगितलं नाही.

“उघड,” मास्तर म्हणाले.

ग्लेनने पेटी उघडली. मास्तर वाकले. त्यांनी अंगठा घोडीला लावला आणि हलकेच ढकललं.

घोडी हलली नाही.

त्यांनी पुन्हा ढकललं...

हे नीट सांगायला हवं. तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात, ती या गिटारीत चिकटवलेली नसते. नुसती ठेवलेली असते. तारांच्या दाबाने उभी, बस्स. म्हणून तारा बदलायच्या तर एकेक करून बदलायच्या. सगळ्या एकदम काढल्या की घोडी आलीच मांडीवर.

“हे काय आहे?”

“गोंद,” ग्लेन म्हणाला.

“कुणी लावला?”

“मी. सरकत होती ती. जरा जोरात वाजवलं की सरकायची. म्हणून पक्की केली. आणि उगाच कुठेतरी नाही हां, मास्तर. तुमच्या घोडीचा फळीवर जो ठसा पडलाय ना, बरोब्बर त्यावर ठेवून चिकटवली. केसभर इकडे नाही, तिकडे नाही. तुमची जागा होती ती. तुमचा मान राखला मी!”

त्याची मान ताठ होती. शाबासकीच हवी होती त्याला.

“तारा कुठल्या लावल्यास?”

“जाड. तुमच्या त्या बारीक तारा ड्रमपुढे ऐकूच येत नाहीत.”

मी डोक्याला हात लावला. जाड तारेला घोडी जराशी मागे लागते. बारीक तारांच्या जागेवर घोडी ठेवून तिच्यावर जाड तारा ताणल्या, की वरचे सूर चढणारच. गिटारीचा यात काय गुन्हा? याने स्वतःच्या हाताने बेसूर चिकटवून घेतला आणि महिनाभर मान राखला म्हणून फिरला.

ग्लेनला माझ्या तोंडाकडे बघून काय ते कळलं असावं. तो लालबुंद झाला.

“म्हणजे चूक माझी? मग सांगायचं होतंत ना! महिना झाला, एक शब्द सांगितला नाहीत. मुद्दामच. गिटार दिलीत आणि गंमत बघत बसलात. मी पुढे गेलेलं तुम्हाला बघवत नाही, मास्तर!”

माझा हात शिवशिवला. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाशी असं बोलतात?

मास्तर उठले. मी त्यांना तीस वर्षं ओळखतो. ते रागावलेले मी पाहिले नव्हते. त्या दिवशी पाहिले. कानशिलं तापली होती, ओठ पांढरे पडले होते. त्यांनी वालाचं भांडं उचललं आणि अंगणात भिरकावलं.

“एक्केचाळीस वर्षं!” ते ओरडले. “एक्केचाळीस वर्षं तिला कुणी बांधली नव्हती!”

भांडं खणखणत विहिरीपर्यंत गेलं. कोंबड्या धावल्या आणि आमचं भांडण ऐकत वाल खाऊ लागल्या.

मास्तर पुन्हा खुर्चीत बसले.

“पास्कू,” मास्तर म्हणाले, “पाणी तापव.”

मी पाणी आणलं, फडकं आणलं, पावाला लोणी लावायची पातळ सुरी आणली. मास्तरांनी तारा ढिल्या करून काढायला लावल्या. मग सुरी ग्लेनच्या हातात दिली.

“काढ.”

“मला नाही येणार. तुम्ही काढा.”

“लावता आली.”

“गोंद भलताच पक्का बसलाय, मास्तर.”

“दिसतंय.”

“फळी फाटली तर?”

“तर फाटली.”

हे ते ज्या आवाजात म्हणाले, तो ऐकून मी खाली जमिनीकडे बघितलं. जन्माची गिटार होती ती त्यांची. दुसरी कधी घेतली नाही.

ग्लेनने गरम फडकं घोडीच्या पायाशी धरलं. मग सुरी सरकवली आणि रेटली. रागात रेटली. नखाएवढा वार्निशचा टवका उडाला.

मास्तरांनी चटका बसावा तसा श्वास आत ओढला.

“मग मारा ना मला!” ग्लेन किंचाळला. सुरी त्याने खाली टाकली. “मारा! गप्प काय बसता? रागवा!”

“तू आधी तुझा संपव,” मास्तर म्हणाले. “एका सुरीत दोन राग मावत नाहीत.”

ग्लेन ओटीच्या पायरीवर जाऊन बसला. पाठ आमच्याकडे. मला वाटलं आता हा जाणार, आणि जावंच, असंही वाटलं. नऊ वर्षांची शिकवणी घेऊन गुरूला असं बोलणाऱ्याला माझ्या घरात पाणी मिळालं नसतं.

तो गेला नाही. बऱ्याच वेळाने नाक पुसत आला. सुरी उचलली.

“पाणी गार झालंय,” तो मला म्हणाला. हळू म्हणाला.

मी पुन्हा तापवलं. मग तिसऱ्यांदा. तो फडकं धरून नुसता थांबायचा, मग सुरी शितभर पुढे सरकवायचा, पुन्हा थांबायचा. मास्तर खुर्चीत डोळे मिटून होते, पण झोपले नव्हते. सुरी जरा अडली की त्यांची भुवई हलायची.

शेवटी घोडी सुटली. ग्लेनच्या तळहातावर पडली. तो रडत होता, पण फळी शाबूत होती.

गोंदाचे कण त्याने नखाने खरवडले. तारा ढिल्याच चढवल्या, त्याच जाड. आणि घोडी उचलून, न बघता, तारांखाली त्या जुन्या फिकट ठशावर ठेवली.

“तिथे माझी होती,” मास्तर म्हणाले.

ग्लेनचा हात थांबला...

मग त्याने घोडी किंचित मागे घेतली आणि तारा ताणल्या. तारेच्या बरोबर मध्यावर बोट नुसतं टेकवून सूर काढला. तिथेच तार दाबून पुन्हा काढला. दोन्ही एकच लागायला हवे. दाबलेला अजून चढा होता. त्याने घोडी आणखी मागे घेतली. आता उतरला. पुन्हा पुढे. कान अगदी लाकडाला लावून बसला होता. चर्चची संध्याकाळची घंटा झाली, तीही त्याने ऐकली नसावी.

सात-आठ वेळा असं झालं. मग दोन्ही सूर एक झाले.

त्याने एक कॉर्ड वाजवली. जोरात नाही.

ठक्.

आणि गिटार गप्प बसली. मास्तरांनी डोळे उघडले.

घोडी आता जुन्या ठशाच्या मागे होती. फार नाही, तांदळाच्या दाण्याएवढी. ग्लेनने खिशातून पेन्सिल काढली आणि घोडीच्या पायाशी खूण करायला वाकला.

मास्तरांनी हात पुढे केला. ग्लेनने पेन्सिल दिली. मास्तरांनी ती मोडली आणि दोन्ही तुकडे अंगणात कोंबड्यांकडे फेकले. राग अजून पुरता उतरला नव्हता.

“पण मास्तर...” ग्लेन म्हणाला. “रविवारी भर लग्नात हलली तर? माझी खुर्ची जाईल.”

“हलेल,” मास्तर म्हणाले. “म्हणून तर ऐकशील.”