नगाऱ्यासमोरची चित्री

पूर्वी चंद्रावती नगरीत सुमेघ राजा गादीवर असताना बोधिसत्त्व त्याच्या श्वानशाळेत कुत्रा होऊन जन्मले. नाव मेचक. रंग काळाभोर, छाती रुंद, आणि स्वभाव इतका निवांत की पिल्लू असताना शेजारी हत्ती चीत्कारला तरी दूध पिणं सोडलं नाही. त्याच वेतातली त्यांची बहीण चित्री मात्र झाडाचं पान पडलं तरी आईच्या पोटाखाली शिरायची. एकाच आईच्या दुधावर वाढलेली दोघं, पण स्वभाव का कुणाला मागून मिळतो?

त्या नगरीत एक रीत होती. वसंतोत्सवात राजाची कुत्री सभेपुढे उभी करायची आणि एकेकाच्या मागे अचानक नगारा बडवायचा. जे सर्वांत निश्चल राहील त्याच्या गळ्यात सोन्याचा पट्टा बांधून त्याला राजमहाली न्यायचं. जे जागा सोडेल त्याला तिथंच मारायचं. भित्र्या कुत्र्यामुळे राज्य बुडतं म्हणे! धन्य ते लोक.

श्वानशाळेचा प्रमुख पिंगल मोठा कष्टाळू, पण तितकाच हट्टी. "भीती मोडून काढता येते," असं तो म्हणे, आणि चित्रीपुढे अन्न ठेवताना तिच्या कानाशी काशाची थाळी बडवी. झालं काय, तर पुढे नुसतं अन्न दिसलं तरी ती थरथरू लागली. बिचारी उपाशी राही, पण जवळ जाईना. पिंगल म्हणे, "अजून जोरात वाजवायला हवी." आता काय म्हणावं या माणसाला!

उत्सवाचा दिवस उजाडला. रांगेत उभी असताना चित्री म्हणाली, "दादा, मी पळणार. माझे पाय माझं ऐकतच नाहीत."

"ऐकत नाहीत ते मला ठाऊक आहे," मेचक म्हणाले. "तू फक्त माझ्याकडे बघ."

मेचकांच्या मागे नगारा धडाडला. त्यांनी मान वळवून नगारा वाजवणाऱ्याकडे पाहिलं आणि जांभई दिली. सभा हसली. याहून निश्चल कोण राहणार, म्हणून रांग संपायच्या आधीच राजानं पट्टा हातात घेतला. आता तो गळ्यात पडेपर्यंत जागेवर थांबायचं, एवढंच काम उरलं होतं. हलणारा पळपुटा ठरे.

तेवढ्यात चित्रीच्या मागे नगाऱ्यावर टिपरू पडलं. तिची पाठ वाकली, मागचे पाय मातीत रुतले, आणि आता ती सुटणार हे सगळ्यांना दिसलं. मारेकऱ्यानं तलवार उपसली.

मेचकांनी जागा सोडली. शांत पावलांनी ते तिच्याजवळ गेले आणि अंगाला अंग लावून उभे राहिले. चित्री लटलट कापत होती, पण पळाली नाही.

"महाराज, काळा हलला!" पिंगल ओरडला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "रीत म्हणजे रीत. त्याला मारावं लागेल."

मारेकरी दोघांसमोर येऊन उभा राहिला. तेव्हा बोधिसत्त्व माणसाच्या वाणीनं बोलले, "राजन्, निर्भयपणा मी कमावलेला नाही, जन्मतःच मला मिळाला. हिला भीती मिळाली. मला बक्षीस आणि हिला तलवार, हा कुठला न्याय? आणि हिच्या मागे नगारा वाजला तेव्हा या सभेत आणखी एकजण दचकला. मी समोरच होतो, मला दिसलं. त्याचं नाव मी सांगणार नाही."

सभेला घाम फुटला. मंत्री एकमेकांकडे संशयानं बघू लागले. पिंगलनं दोन्ही हात पाठीमागे लपवले.

राजा सिंहासनावरून उठला. "नाव मी सांगतो," तो म्हणाला. "मी दचकलो. लहानपणापासून दचकतो. दर वसंतात हे आसन घट्ट धरून बसतो, आणि माझ्यासारख्याच जिवांना मारायला सांगतो." त्यानं मारेकऱ्याच्या हातची तलवार काढून घेतली आणि नगाऱ्याचं कातडं उभं फाडलं.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवन विहारात सांगितली. सभेत उपदेशाला उभं राहिलं की एका तरुण भिक्षूची वाचा बसे, आणि एक वडीलधारे भिक्षू त्याला रोज सर्वांदेखत तसंच उभं करीत. शास्ते म्हणाले, "तेव्हाची चित्री म्हणजे हा तरुण. पिंगल म्हणजे त्याला उभं करणारे. राजा सुमेघ म्हणजे दाराशी बसून डोळे पुसणारा तो उपासक. आणि मेचक मीच होतो."

मग शास्ते आसनावरून उठले आणि त्या तरुणाशेजारी जाऊन उभे राहिले. बोधिसत्त्वांनी जन्मोजन्मी पूर्णत्वाला नेलेल्या या गुणाचं, या पारमितेचं नाव मैत्री.