दिव्याचं कुठलं कडवं चुकलं?

फार फार जुन्या काळी, डोंगर आणि तळं यांच्या मधल्या सपाटीवर एक गाव होतं. त्या गावाला आपल्या शाळेचा भारी अभिमान होता. अभिमान वाईट नसतो, बाळांनो. पण या अभिमानात लेकरं होरपळत होती आणि मोठी माणसं त्यालाच विद्या म्हणत होती. म्हणून ही गोष्ट सांगताना माझा आवाज चढला, तर चढू द्या.

शाळेत पंतोजी पशुपक्ष्यांची विद्या शिकवत. शिकवत म्हणजे काय, तर एकशे आठ कडवी घोकून घेत. चिमणी काय खाते, खार कुठे राहते, बेडूक कसा उडी मारतो, सगळं कडव्यांत होतं. खिडकीबाहेर खरी चिमणी काडी काडी आणून घरटं बांधत असायची. पण एखाद्या पोराने मान वळवून तिकडे पाहिलं की पाठीत छडी बसायची. चिमणी शिकायची ती कडव्यातली, खिडकीतली नव्हे!

वर्षातून एकदा जीवपरीक्षा असे. प्रत्येक मुलाने एक जिवंत प्राणी आणायचा. तो नव्या मडक्यात ठेवायचा, वर झाकण ठेवून कडेने ओली माती लिंपायची. मग मुलाने मडक्यापुढे बसून एकशे आठ कडवी म्हणायची. शेवटी झाकण निघे. आतला जीव हालला, तर पाठांतर शुद्ध. जीव मेलेला निघाला, तर पंतोजी बोट रोखून म्हणत, "कुठेतरी चुकलास. तुझ्या चुकीनं हा जीव गेला."

त्या मुलाला मग 'जीवघेणा' म्हणत. शाळेच्या भिंतीवरच्या त्याच्या नावावर चुना फासत. पुढे वर्षभर त्याने फाटकाबाहेर, उन्हात बसून शिकायचं. आईबाप यावर काही म्हणत का? काहीच नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची आणि वर संन्याशालाच हात जोडायला लावायचे, अशी ती रीत होती.

या परीक्षेची सगळी मडकी तानू कुंभारीण घडवायची. घट्ट, पक्की, कुठे चीर नाही की भोक नाही. तिचा नवरा वारला होता आणि घरात ती व तिची लेक बनी, अशा दोघीच होत्या. बनी सात वर्षांची. ती बोलताना अडखळायची, पण बोलायला तिला फार आवडायचं. चाकाजवळ बसून ती दिवसभर विचारी, "आ-आई, मुंगीला क-कान असतात का?"

गेल्या वर्षी बनीने परीक्षेला चिमणी नेली. घरट्यातून पडलेली, तिने भिजवलेल्या कण्या भरवून वाढवलेली. बनीला एकशे आठही कडवी येत होती. फक्त अडखळत म्हणायला तिला इतर मुलांच्या दुप्पट वेळ लागला. झाकण काढलं तेव्हा चिमणी पाय वर करून पडली होती.

"जीवघेणी!" पंतोजी म्हणाले.

आणि तानूने काय केलं? लेकीला पोटाशी धरलं? नाही. सगळ्या गावादेखत तिच्या थोबाडीत दिली. "नीट पाठ करता येत नव्हतं?" असंही वर म्हणाली. त्या दिवसापासून बनी बोलायची थांबली. मुंगीच्या कानांबद्दल विचारलं नाही, भूक लागली तरी सांगितलं नाही. वर्षभर त्या घरात फक्त चाकाचा आवाज होता.

यंदाची परीक्षा चार दिवसांवर आली. तिन्हीसांजेला तानू परीक्षेची मडकी ओळीने मांडत होती. वारा सुटला आणि दिव्याची वात फडफडू लागली. वारा लागू नये म्हणून तिने एक मडकं दिव्यावर पालथं घातलं. थोड्या वेळाने उचललं, तर दिवा विझलेला. तेल होतं, वात होती, वारा तर आत गेलाच नव्हता. तिने पुन्हा दिवा लावला आणि पुन्हा मडकं पालथं घातलं. पुन्हा विझला. मग तिने मोठा घडा घातला. दिवा जरा जास्त वेळ जगला, पण विझला. मग बुडाला भोकं पाडलेला जुना घडा घेतला आणि काठाखाली दोन खापऱ्या सरकवल्या. दिवा जळतच राहिला.

तानूने आव्याकडे, मडकी भाजायच्या भट्टीकडे, पाहिलं. आव्याची आग जिवंत राहावी म्हणून ती दर वेळी त्याला आठवणीने झरोके ठेवायची. ते तिला आजीने शिकवलं होतं. आग हवा खाते, हवा कोंडली की आग मरते. आणि श्वास घेणारा जीव? तो काय खातो?

एकेक गोष्ट आठवू लागली. कासव आणणारं पोर कधीच नापास झालं नव्हतं. बेडूकवालंही नाही. थंड, संथ जीव ते, त्यांना हवा थोडकी पुरते. मरत होत्या त्या चिमण्या आणि खारी, ज्यांचं काळीज सारखं धडधडतं. आणि मरत होते ते अडखळणाऱ्या पोरांचे जीव, कारण त्यांचं झाकण उशिरा उघडायचं. गावाला वाटायचं, बघा, कच्च्या पाठांतराचा पुरावा! पाटलांचा मुलगा दर वर्षी कासवच का आणायचा, हेही तिला आत्ता कळलं.

तानूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंतोजींचा राग आला, गावाचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. मडकी तिनेच घडवली होती. आगीला झरोका ठेवणाऱ्या बाईने लेकराच्या चिमणीला एक भोक ठेवलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी पोरं शाळेच्या अंगणात रांगेने बसली. कुणाच्या ओच्यात खार, कुणाच्या मुठीत चिमणी. मडक्यांची वाट पाहत होती. तानू बैलगाडीतून एकच भांडं घेऊन आली. माणूस मावेल एवढा रांजण. बनी तिचा पदर धरून होती. तानूच्या हातात मुसळ होतं.

"मडकी कुठायत गं?" पंतोजींनी विचारलं.

"फोडली." तानू म्हणाली. "पंतोजी, मडक्यात जीव मरतो तो हवा संपते म्हणून. दिवासुद्धा विझतो. दिव्याचं कुठलं कडवं चुकलं, सांगा!"

तिने सगळ्यांसमोर दिवा लावून दाखवला, झाकून दाखवला. एकदा नव्हे, तीनदा. लोक पाहत राहिले. पंतोजी हसले. "दिव्याला जीव असतो का? मडकी थापणारी तू, मला विद्या शिकवतेस? जीव पाठांतरावर जगतो. पाठांतर शुद्ध, तर जीव सुखरूप. माझे आजे हेच सांगत."

पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! पण तानू घडे घडवणारीच होती. ती म्हणाली, "तुमचं पाठांतर शुद्ध आहे ना?"

"एका अक्षराची चूक नाही!"

"मग रांजणात बसून म्हणा. मी झाकण लिंपते. एकशे आठ झाली की काढते."

पंतोजींनी लोकांकडे पाहिलं. सगळं गाव त्यांच्याकडे पाहत होतं. आता नाही म्हणावं, तर आजवरच्या चुन्याखालची सगळी नावं जागी झाली असती. त्यांनी धोतर खोचलं आणि ते रांजणात उतरले. तानूने झाकण ठेवून माती लिंपली.

आतून खणखणीत आवाज येऊ लागला. दहा कडवी झाली, वीस झाली. लोकांनी माना डोलावल्या. पंचविसाव्या कडव्याला आवाज जड झाला. तिसाव्याला दोन शब्दांमध्ये धाप ऐकू येऊ लागली. चाळिसाव्याला कडवं थांबलं आणि आतून मूठ आपटू लागली.

"तानू, उघड!" पाटील ओरडले.

तानू हलली नाही. तिच्या डोळ्यांपुढे पाय वर केलेली चिमणी होती. चुना फासलेलं नाव होतं. त्या चिमणीनेही असेच पंख आपटले असतील, तेव्हा कुणी उघडलं होतं? खोटं कशाला सांगू, त्या घडीला तिला उघडायचं नव्हतं.

तेवढ्यात तिच्या पदराला हिसका बसला.

"आ-आई," बनी किंचाळली, "फो-फोड!"

वर्षाने तो आवाज कानी पडला होता. तानूने मुसळ उचललं आणि रांजणाच्या पोटात घातलं. खापऱ्या उडाल्या. पंतोजी मातीत पडले, घामाने निथळत, मासोळीसारखं तोंड उघडत मिटत. बनीने धावत जाऊन तांब्याभर पाणी आणलं. त्यांचा श्वास ठिकाणावर येईपर्यंत ती त्यांच्यापुढे उकिडवी बसून राहिली. मग तिने विचारलं. टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तु-तुमचं कुठलं क-कडवं चुकलं?"

"एकही नाही," पंतोजी म्हणाले.

"मग मा-माझंही नव्हतं."

अंगणात कुणाची तरी आई हुंदका देऊन रडली, मग दुसरी. पोरांनी हळूच मुठी आणि ओचे सोडले. चिमण्या भुर्रकन उडाल्या, खारी पिंपळावर पळाल्या. यंदाही कासव घेऊन आलेल्या पाटलांच्या मुलाचं कौतुक करायला मात्र कुणी वळलं नाही.

त्याच दिवशी भिंतीवरचा चुना खरवडला गेला. तो पंतोजींनीच खरवडायचा, असं तानूने बजावलं होतं आणि तिच्या हातात अजून मुसळ होतं. एकूण सदतीस नावं निघाली. त्यांतली काही माणसं आता म्हातारी झाली होती आणि आपण लहानपणी एक जीव घेतला, असं अजूनही मानत होती. त्यांचं गेलेलं बालपण कुणी कुठून खरवडून काढणार? राग येतो ना? मलाही येतो.

घरी गेल्यावर तानूने लेकीपुढे हात जोडले. "मी तुला मारलं, बने. चुकले ती मी होते." बनीने आईचे हात बाजूला केले आणि विचारलं, "मुं-मुंगीला कान असतात का?" तानू म्हणाली, "ठाऊक नाही गं. चल, बघू." आणि त्या दोघी अंगणात मुंग्यांच्या रांगेजवळ पालथ्या पडून पाहत राहिल्या. पुढे शाळेतली सगळी पोरं तशीच पाहू लागली. पंतोजीही शेवटच्या रांगेत येऊन बसू लागले. छडी त्यांनी घरीच ठेवली होती.

लहानग्यांनो, माणसाला किंवा मुक्या जिवाला कधीही कोंडायचं नाही. पाहायचंच असेल, तर घरातलं मोठं माणूस शेजारी बसवून दिव्यावर भांडं पालथं घाला आणि तो का विझला, ते त्या मोठ्या माणसाला विचारा. त्याला ठाऊक नसेल, तर त्याने तसं सांगावं. आणि मोठ्यांनो, तुम्ही एवढं ध्यानात ठेवा:

कारण शोधायच्या आधी जो लेकराला दोष देतो, तो त्याला शिकवत नाही, गुदमरवतो.