फक्त जागा सांगणारा दवंडीवाला

फार मागे, बातमी जेव्हा माणसाच्या पायांनी गावात यायची, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

नदीकाठच्या एका नगरात सुभाना नावाचा दवंडीवाला राहत होता. रोज सकाळी गळ्यात हलगी अडकवून तो चौकाचौकांत फिरे आणि लोकांना कळायला हवं ते सांगे. घाटात दरड कोसळून कोणती वाट बंद झाली, जनावरांत कुठला रोग आला, राजाचा नवा हुकूम काय. विहिरीचं पाणी बिघडलं असं कोणी म्हटलं, तर सुभाना आधी त्या विहिरीवर जाई, ओंजळीत पाणी घेऊन हुंगे, आणि मगच हलगी वाजवी.

म्हणून त्या नगरात कोणी कशावर शंका घेतली, की समोरचा म्हणे, "सुभानाने सांगितलंय." तिथे वाद संपे.

पण दवंडी सगळ्यांनाच फुकट ऐकू येते. पूर्वी सुगी झाली, की घरटी पायलीभर धान्य सुभानाच्या घरी पोचत असे. मग काही घरं विसरू लागली. लोक वाईट नव्हते. शेजारी देत असेल, असं ज्याला त्याला वाटत होतं. एका वर्षी हलगीचं कातडं फाटलं, तेव्हा सुभानाने ते दोऱ्याने शिवलं आणि तशीच वाजवली.

त्या नगरात दर बाजाराच्या दिवशी कुस्त्यांचा फड भरे. लोक हौसेने पैजा लावत. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला उसाचा रस पाजायचा, एवढंच. पुढे कोणा एका धनवंताने फडाशेजारी ओटा बांधला. त्या ओट्यावर पैसा लावायचा. आपला पैलवान जिंकला तर दुप्पट मिळायचं, हरला तर लावलेलं ओट्याच्या मालकाचं.

त्याच सुमारास एक परका माणूस वेशीपाशी येऊन बसला. कुस्ती व्हायच्या आधीच निकाल आपल्याला कळतो, असं तो सांगे. एक नाणं द्यायचं आणि कान पुढे करायचा. तो जिंकणाऱ्याचं नाव कानात सांगणार. स्वतःला तो जाणता म्हणवून घेई. महिनाभर तो बसून राहिला, पण त्याच्याकडे कोणी फिरकलं नाही. अनोळखी माणसाला नाणं कोण देणार?

मग जाणता सुभानाच्या घरी आला. येताना कमावलेलं नवं कातडं आणि जोंधळ्याचं पोतं घेऊन आला. आपल्या नावाची दवंडी रोज पिटावी, असं त्याने सुचवलं. सुभानाने विचारलं, की तुझी भाकितं खरी ठरतात का?

"ते तू कशाला सांगतोस?" जाणता म्हणाला. "मी वेशीपाशी बसतो, एवढंच सांग. बसतो की नाही, ते हवं तर स्वतः येऊन बघ."

सुभाना दुसऱ्या दिवशी वेशीपाशी जाऊन आला. माणूस खरोखरच बसलेला होता.

तेव्हापासून चौकात नवी दवंडी ऐकू येऊ लागली. "ऐका हो ऐका! देवराईकडच्या विहिरीचं पाणी पिऊ नका. आणि फडाचा निकाल आधी जाणून घ्यायचा असेल, त्याने वेशीपाशी जाणत्याला गाठावं." एकाच श्वासात, एकाच हलगीवर. लोकांनी विहिरीचं पाणी सोडलं आणि ते वेशीकडे चालू लागले.

सुभानाच्या शेजारी नागोजी नावाचा कोष्टी राहत होता. त्याने विणलेल्या लुगड्यांचे काठ लांबच्या गावांत नावाजलेले होते. त्याने जन्मात पैज लावली नव्हती. दवंडी ऐकून तो पहिल्यांदा वेशीपाशी गेला, तेव्हा त्याला मिळालेलं नाव खरं ठरलं. दुसऱ्यांदाही ठरलं. त्याने बायकोसाठी, गोजरासाठी, चांदीची जोडवी आणली. तिसऱ्यांदा नाव चुकलं, आणि चुकलेलं भरून काढायला तो दर बाजारी जाऊ लागला. आधी जोडवी गेली. मग गिऱ्हाइकांनी विणायला दिलेलं सूत गेलं.

एके दिवशी चौकात दोन मेहुणे हमरीतुमरीवर आले. जाणत्याने एकाला तांबड्या लंगोटाचा पैलवान जिंकेल म्हणून सांगितलं होतं, दुसऱ्याला निळ्याचा. दोघांनीही नाणं मोजलं होतं. सुभाना तिथेच उभा होता. त्याला सगळं उमगलं. जाणता अर्ध्या लोकांना एक नाव सांगत होता आणि अर्ध्यांना दुसरं. काहीही झालं तरी अर्धी माणसं जिंकत, आणि जिंकलेली तेवढी गावभर बोलत फिरत. हरलेली मान खाली घालून घरी जात. मग सुभानाने आणखी खोलात चौकशी केली. जाणत्याने ओट्यावर धाडलेला माणूस जितकं हरे, त्यातला वाटा जाणत्याला मिळत होता.

सुभाना घरी आला. कणगी भरलेली होती. नव्या कातड्याची हलगी खुंटीला टांगलेली होती. त्याने मनाची समजूत घातली, की मी कुठे कोणाला पैसे लावायला सांगतो, मी फक्त जागा सांगतो. सकाळी त्याने पुन्हा तीच दवंडी पिटली.

त्याच आठवड्यात गोजरा त्याच्या दाराशी आली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. नागोजी आता मागच पैजेवर लावायचं बोलतो आहे, असं तिने सांगितलं.

"भावजी, तुम्ही एकदा सांगा त्यांना. ते दुसऱ्या कोणाचं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतात."

सुभाना लगेच गेला. नागोजी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता, पण मागावर सूत नव्हतं. सुभानाने त्याला समजावलं. हा नाद सोड, त्या माणसात काही अर्थ नाही, असं परोपरीने सांगितलं. नागोजीने शांतपणे ऐकून घेतलं.

"मग सकाळी चौकात काय सांगतोस?" त्याने विचारलं.

सुभाना पुन्हा तेच समजावू लागला. नागोजी पुढे म्हणाला, "उगाच माझी समजूत घालायला येऊ नकोस. त्याच्यात काही नसतं, तर तू त्याचं नाव घेतलं नसतंस. एवढं मी तुला ओळखतो."

सुभानाने तेव्हाच दोन नावांची लबाडी आणि आपल्याला मिळालेला जोंधळा, सगळं सांगून टाकायला हवं होतं. त्याने सांगितलं नाही. पुढच्या बाजारी नागोजीने माग लावला आणि गमावला. ओट्याच्या मालकाची माणसं आली, त्यांनी माग सुटा केला आणि लाकडं गाडीत भरून नेली. नागोजी संध्याकाळपर्यंत त्या रिकाम्या खड्ड्यात बसून होता. दुसऱ्या दिवशी तो कोणाला न सांगता निघून गेला. डोंगरापलीकडच्या चुनाभट्टीवर गेला असं मागाहून कळलं. ज्याच्याजवळ हात सोडून काही उरत नाही, तो तिथे जातो.

गोजरा सुभानाशी भांडली नाही. माझ्यावर राग नाही का, असं त्याने विचारलं, तेव्हा तिने इतकंच म्हटलं, "त्या वेशीवरच्या माणसाला आम्ही ओळखत नव्हतो, भावजी. तुम्हाला ओळखत होतो."

दुसऱ्या दिवशी सुभानाने उरलेला जोंधळा गाढवावर घातला आणि वेशीपाशी जाणत्यासमोर नेऊन ओतला. मग चौकात उभं राहून हलगी वाजवली. जाणता खोटा आहे, तो दोघांना दोन नावं सांगतो, हरलेल्यांच्या पैशात त्याचा वाटा असतो, हे सगळं त्याने सांगितलं.

लोक जमले. पण गेल्या बाजारी जिंकलेले म्हणाले, की आमचं तर खरं ठरलं, सुभाना जळतो आहे. हरलेल्यांतल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, की खोटं बोलायचे पैसे आज कोणाकडून मिळाले? लोक हसले. सुभाना एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. इतकी वर्षं त्याने ज्यांना खरं सांगितलं होतं, तीच ही माणसं होती. वेशीकडची रांग त्या दिवशीही तशीच होती.

मग तो न्यायाधीशाकडे गेला आणि मला शिक्षा द्या म्हणाला. न्यायाधीश म्हातारा होता, विचारी होता. त्याने दवंडीचे शब्द पुन्हा म्हणायला लावले. मग त्याने सांगितलं, की यात एकही शब्द खोटा नाही, माणूस तिथे बसत होता आणि तू तेवढंच बोललास, तेव्हा कायद्यात याला शिक्षा नाही. सुभाना तरीही हटेना. तेव्हा न्यायाधीश म्हणाला, "शिक्षा झाली असती, तर ती कधीतरी संपली असती. तसं काही मी तुला देऊ शकत नाही. घरी जा."

सुभाना घरी गेला नाही. हलगी न्यायाधीशाच्या ओसरीवर ठेवून तो डोंगर चढला. तीन दिवस चालून चुनाभट्टीवर पोचला. तिथली माणसं अंगभर पांढरी झालेली होती. कोण म्हातारं, कोण तरणं, ते ओळखू येत नव्हतं. नागोजी एका दगडावर फडकं डोळ्यांना बांधून बसला होता. कळीचा चुना विझवताना उकळी उडाली होती, आणि त्याचे दोन्ही डोळे गेले होते. भट्टीचा मालक त्याला दोन घास घाली आणि दगड निवडायला बसवी.

सुभाना त्याच्याजवळ बसला आणि त्याने त्याचं नाव घेतलं. आवाज ऐकताच नागोजीचा चेहरा उजळला. त्याने चाचपडत सुभानाचा हात धरला. सुभानाला वाटलं, आता हा मला शिव्या देईल. त्याला त्या हव्याच होत्या.

नागोजीने कमरेची पुरचुंडी काढली. भट्टीवर राबून मिळवलेलं एक नाणं त्याने जपून ठेवलं होतं. ते सुभानाच्या तळव्यावर ठेवून त्याने हळूच विचारलं, "या बाजारी कोण जिंकणार म्हणतो तो?"

सुभानाने त्याला हाताला धरून डोंगर उतरवला. वाटभर तो सांगत राहिला, की जाणता खोटा आहे, होता, पहिल्यापासून होता. नागोजी मान हलवत ऐके, आणि थोडं चाललं की पुन्हा तेच विचारी. नगरात पोचल्यावर गोजराने नवऱ्याला आत घेतलं आणि दार लावून घेतलं. सुभाना पुढे पुष्कळ वर्षं जगला. तिच्या घरचं पाणी भरी, सरपण आणी, पण चौकात त्याने पुन्हा कधी तोंड उघडलं नाही, आणि उघड म्हणून त्याला कोणी सांगितलंही नाही.

बोध: लोक ज्याच्या शब्दावर विसंबतात, त्याने फसव्याची फक्त जागा जरी सांगितली, तरी फसवणूक त्याचीच असते.