‘कम्पॅनियन’चा राहिलेला पाठ

“मग सर, आता तरी ‘बस’ म्हणाल का?”

विश्वंभर पडवीत उभा होता. शहरात त्याचे इंग्रजी शब्द पाठ करून घेणारे क्लास जोरात चालतात. एवढा मोठा माणूस शिखरे सरांपुढे शाळकरी पोरासारखा उभा राहिला, कारण सरांचा नियमच तसा होता. शब्द पाठ होईपर्यंत पोरानं उभं राहायचं. पाठ झाला की सर म्हणायचे, “बस खाली.” तेवढं ऐकायला आम्ही पोरं जीव टाकायचो. काय दिवस होते ते.

“कुठला राहिला होता?” सरांनी विचारलं. निवृत्तीनंतर ते आमच्याच गावात येऊन राहिले होते. आत्ता ते जेवायलाच बसत होते.

“कम्पॅनियन. मी उभा राहिलो आणि घंटा झाली. मग तुमची बदलीच झाली.”

“सांग.”

विश्वंभरने घसा खाकरला. “कम्पॅनियन म्हणजे सोबती. मूळ लॅटिन. कॉम म्हणजे बरोबर, पानिस म्हणजे पाव. ज्याच्याबरोबर आपण भाकरी खातो, तो.”

आता टाळ्या पडतील, अशा थाटात तो थांबला.

“ध्यानात कसा राहिला?”

“त्या दिवशी तुम्ही सगळ्यांना डबे उघडायला लावले. शेजाऱ्याबरोबर खा, मगच शब्द लिहा म्हणालात.” त्याचा आवाज खाली आला. “माझ्याकडं डबाच नव्हता. शेजारी बसणाऱ्या हणमानं त्याची भाकरी मोडून अर्धी दिली. जवसाची चटणी होती... अजून जिभेवर आहे.”

“नंतरही देत होता?”

“शाळा संपेपर्यंत. रोज.”

“कसा आहे आता हणमा?”

“गाडी त्याच्या दारावरूनच आली, सर. ओट्यावर एकटाच बसला होता. थांबावं वाटलं होतं...”

“मग?”

“तुमच्याकडं यायला उशीर झाला असता.”

सरांनी दुरडीतली भाकरी उचलून मोडली, अर्धी फडक्यात बांधली आणि विश्वंभरच्या हातात दिली. भाकरी गरम होती. विश्वंभरचे डोळे भरून आले.

“बसू का, सर?”

“इथं नको. हणमाकडं जाऊन बस.”