भोंडल्याची पहिली खिरापत

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे कुंभाराची सगुणा आणि गवळ्याची तानी या दोन मैत्रिणी राहत. तानी बोलताना अडखळायची. शब्द ओठांशी अडला, की सगुणा गप्प राहून वाट पाहायची. म्हणून तानी तिच्याशी भरभरून बोले.

एकदा तानीने तिला आपलं गुपितही सांगितलं. "मी रोज गो... गोठ्यात म्हशीसमोर अवघड शब्द म्हणते. ती ह... हसत नाही ना! कुणाला सांगू नकोस हं."

"छे गं, मी कशाला सांगू?" सगुणा म्हणाली.

दोघींना बारावं लागलं, त्या साली पाटलांची भाची मंजुळा गावात राहायला आली. अंगावर छान कपडे, बोलणं फर्डं. मोठ्या मुली तिच्याभोवती घोळका करून बसत. सगुणालाही त्यांच्यात जावंसं वाटे. पण ती जवळ गेली, की त्यांचं बोलणंच थांबे.

एके सकाळी नदीवर मंजुळाने तिला स्वतःहून हाक मारली, सरकून जागा दिली.

"काय गं सगुणा, तुझी ती तानी एक वाक्य बोलायला सकाळची संध्याकाळ करते. तुला कंटाळा नाही येत?"

सगुणाला उठून जाता आलं असतं. पण एवढ्या दिवसांनी मिळालेली जागा तिला सोडवेना.

"अगं, ती तर रोज म्हशीला शब्द म्हणून दाखवते!" ती बोलून गेली.

मुली पोट धरधरून हसल्या. मंजुळाने तिला टाळी दिली. सगुणा सुखावली खरी. पण घरी जाताना तिने तानीच्या दाराकडे पाहायचं टाळलं.

त्यानंतर तानी दिसली, की मुली म्हशीसारख्या रेकू लागल्या. पहिल्या वेळी तानीने वळून फक्त सगुणाकडे पाहिलं. सगुणाने मान खाली घातली. पुढे ती तानीची गल्ली टाळून लांबच्या वाटेने पाण्याला जाऊ लागली.

नवरात्रात तानीच्या अंगणात भोंडला होता. पाटावर हत्ती काढला, मुलींनी फेर धरून गाणी म्हटली. मग खिरापत ओळखायची वेळ आली. डबा घेऊन तानी पुढे झाली.

"लाडू?" कुणीतरी विचारलं.

"न... न..." तानी अडखळली.

मंजुळा रेकली. पाठोपाठ सगळा फेर रेकला. आणि सगुणाच्याही तोंडून तो आवाज निघाला.

डबा खाली ठेवून तानी गोठ्याकडे निघून गेली.

तानीची आई कामात होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. हात पुसत ती बाहेर आली, डबा उघडला आणि वाटल्या डाळीचा पहिला घास सगुणाच्या हातावर ठेवला.

"तू घे आधी. माझ्या पोरीला तुझ्याशिवाय आहे कोण?"

सगुणाला तो घास तोंडाशी नेववेना.

"मावशी, मला नका देऊ. तिचं गुपित मीच फोडलं. आत्ता मीही तिला हसले."

मंजुळा तोंड वाकडं करून निघून गेली, तिच्यामागे बाकीच्याही. मावशीने डब्याला झाकण लावलं. ती रागावली असती तरी बरं झालं असतं. पण ती डबा घेऊन आत गेली.

सगुणा गोठ्यात गेली. तानी गवत टाकत होती.

"तानी, मी चुकले गं. मला माफ कर."

तानीने हातातली पेंढी टाकली. मग म्हणाली, "त्या हसल्या त्याचं मला का... काही नाही. त्यांना मी कुठे काही सांगितलं होतं?"

सगुणाने दुसरी पेंढी उचलून म्हशीपुढे टाकली.

हळूहळू दोघी पुन्हा बोलू लागल्या. तानी तिला पिकापाण्याचं, सणावाराचं सारं सांगे. मनातलं मात्र तिने पुन्हा कधी सांगितलं नाही, आणि सगुणानेही ते विचारलं नाही.

तात्पर्य एवढंच: चूक कबूल केली, की मैत्रीण परत मिळू शकते, तिचा विश्वास मिळेलच असं नाही.